आजोबांच्या नावाची बंदूक

बंदूक नकली आहे हे जगात दोघांनाच माहीत होतं. एक लाजमीर स्वतः, आणि दुसरा दरा आदमखेलच्या बाजारात ती घडवणारा उस्ताद मीनावर. स्पीनओबा गावाला वाटत होतं की लाजमीरच्या खांद्यावर लटकते ती त्याच्या आजोबांची खरी इंग्रजी थ्री-नॉट-थ्री. आजोबांना सगळा गाव नीका म्हणे. नीकाने ती तरुणपणी गोऱ्या पलटणीकडून हिसकावून आणली होती आणि मरताना धाकट्या मुलाला, म्हणजे लाजमीरच्या बापाला दिली होती. थोरल्याला ते कायमचं सललं, आणि त्याच्यामागे त्याच्या मुलाला, तोरसमला. पठाणांच्या त्या मुलखात चुलतभावाला आणि वैऱ्याला एकच शब्द आहे. लाजमीर आणि तोरसम यांची घरं पाटाच्या दोन काठांवर होती, पण पाटाच्या पाण्यावरून भांडण झाल्यापासून तीन वर्षांत एकाने दुसऱ्याला सलाम केला नव्हता.

खरी बंदूक बारा वर्षांपूर्वी नदीने नेली. लाजमीर तेव्हा बावीस वर्षांचा होता. वरच्या कुरणातून उतरताना डोंगरातून एकाएकी लोंढा आला. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात खडकाचं टोक. दोन्ही हातांनी खडक धरला तरच जीव वाचणार होता. त्याने धरला. मग तीन दिवस नदीकाठ पालथा घातला, पण बंदुकीचा पट्टासुद्धा सापडला नाही. बंदूक सोडून जीव वाचवला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आजारी मामाला बघायला जातो असं घरी सांगून त्याने थेट दरा गाठला.

उस्ताद मीनावरने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मुकुटाचा छाप कुठे होता, साल कुठलं होतं, लाकडी दस्त्यावर चीर किती लांब होती. आठ दिवसांनी त्याने बंदूक हातात ठेवली तेव्हा लाजमीरला रडूच कोसळलं. नीका परत आल्यासारखं वाटलं.

"रडणं नंतर, आधी ऐक," उस्ताद म्हणाला. "लाकूड अक्रोडाचं आहे, नळी सरळ आहे. पण नळीमागच्या बोल्टाचं पोलाद ते नव्हे. विलायतेत ते काय करतात मला ठाऊक नाही, मी कानस घेऊन बसतो. आमच्या बाजारात भरलेली हलकी काडतुसं घाल, जन्मभर चालेल. सैन्याची, मशीनगनची कडक काडतुसं मात्र घालू नकोस. काही झेलेल, आणि मग एक दिवस बोल्ट मागच्या मागे तुझ्या तोंडावर येईल."

लाजमीरने तेवढं पाळलं. तो खासादार होता, रस्त्याच्या चौकीवर पहारा देई. पगार सरकारचा, बंदूक ज्याची त्याची. बंदूक नाही तर नोकरी नाही. हळूहळू त्याला तिची खोड कळली. गोळी सुटली की रिकामं काडतूस नळीतच चिकटून बसे. मग बोल्टाला टाचेने लाथा घालायच्या, नाहीतर पुढून लोखंडी गज सारून ते ठोकून काढायचं. हे तो कुणाच्या नजरेस पडू देत नसे. नेमबाजीला गेला तर एकच गोळी झाडी आणि बाजूला होई. लोक म्हणत, "लाजमीरला दुसरी गोळी लागतच नाही." तो मिशीला हात लावून गप्प बसे. पुढे पुढे तर त्याला स्वतःलाही हे सुखाचं वाटू लागलं होतं.

अक्रोडाला पालवी फुटायच्या दिवसांत, उन्हं नुकती अंगणात उतरलेली असताना, लांडगा उघड्या दारातून चालत आत आला. पळत नाही, दबकत नाही, चालत. मेंढ्यांकडे त्याने पाहिलंही नाही. भिंतीला चावला, मग जमिनीला चावला. तोंडातून लाळेची तार लोंबत होती.

लाजमीरची थोरली बहीण बख्तमीना गाईखाली बसली होती. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली होती. त्याआधी, आई वारली तेव्हा, सहा वर्षांच्या लाजमीरला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. तिने हाक मारली, "लाजमीरा, बंदूक!"

तो धावत बाहेर आला. पंधरा पावलांवरून नेम धरला आणि चाप ओढला. गोळी लांडग्याच्या मागच्या मांडीला लागली. तो जागच्या जागी गरकन फिरला. दुसरी गोळी घातली असती तर तिथेच संपला असता. लाजमीरने बोल्ट ओढला. हलेना. तळव्याने ठोकला. हलेना. गज आत, पेटीच्या तळाशी. त्याने दस्ता जमिनीवर टेकवून बोल्टाला टाच हाणली, एकदा, दोनदा. तेवढ्यात तंदुराजवळ भाकरीची परात घेऊन खिळून उभ्या राहिलेल्या त्याच्या बायकोकडे, मर्जानाकडे, लांडगा वळला.

बख्तमीना मध्ये पडली. हातात सरपणाजवळून उचललेली, लाकडं फोडायची कुऱ्हाड होती. लांडग्याने तिचं डावं मनगट जबड्यात धरलं. तिने उजव्या हाताने घाव घातले, किती ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. लांडगा पडला तरी दात मनगटात रुतलेलेच होते. मर्जानाने चिमट्याने जबडा उघडला.

लाजमीर तोवर बोल्टाला लाथाच घालत होता.

"काय झालं रे तुला?" बख्तमीनाने विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"अडकली."

"नीकाची बंदूक? ती कशी अडकेल?"

त्याने बंदूक खांद्याला अडकवली.

आरडाओरडा ऐकून शेजारचे पायो काका काठी टेकत आले. लांडग्याच्या तोंडावरचा फेस बघून त्यांचा चेहरा उतरला. "साबण आणा. धुवा, चांगलं खळखळून धुवा. पिसाळलेला आहे हा." मग लाजमीरला बाजूला ओढून ते हळू बोलले, "माझा भाऊ पिसाळलेल्या कुत्र्याने गेला. शेवटी पाण्याचा वाडगा दिसला तरी किंचाळायचा. आज सुई मिळायला हवी हिला. उद्या नाही, आज."

बस एक दिवसाआड होती, आणि कालच गेली होती. वरच्या खोऱ्यात जीप एकच होती. तोरसमची.

लाजमीर पाट ओलांडून त्या दारात गेला तेव्हा तोरसम जीपवर अक्रोडाची पोती चढवत होता. हात थांबवून त्याने चुलतभावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"खासादार आज इकडे कुठे चुकला?"

"बख्तमीनाला पिसाळलेला लांडगा चावला. पेशावरला न्यायचंय."

तोरसमने पोतं खाली ठेवलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण लाजमीरला धीर धरवला नाही. हा आता नाही म्हणेल, पाटाच्या पाण्यावरून ऐकवेल, आणि तेवढ्यात विष तिच्या अंगात चढत राहील, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने खांद्यावरची बंदूक काढली आणि दोन्ही हातांवर आडवी धरून पुढे केली.

"ही घे. नीकाची आहे. तुझ्या बापाला हवी होती, तुला हवी आहे. घे आणि जीप दे."

तोरसमची नजर मुकुटाच्या छापावरून फिरली. बापाने मरेपर्यंत जिच्या नावाने उसासे टाकले ती वस्तू समोर होती. त्याने हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. बंदूक घेतली.

"पोती उतरवा रे!" तो घरात ओरडला. "जीप मीच चालवतो. तू तिला मागच्या बाकावर धरून बस."

खालच्या बाजारातल्या लहान दवाखान्यात औषध नव्हतं, म्हणून तसेच पुढे निघाले. दुपार कलता कलता तोरसमने त्यांना पेशावरच्या मोठ्या दवाखान्याच्या फाटकात उतरवलं. बख्तमीनाकडे न बघता म्हणाला, "अल्ला शिफा देवो, बहिणी," आणि गाडी वळवली.

पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक. डॉक्टरने सरळ सांगितलं, "चावा खोल आहे. लांडग्याचं विष कुत्र्यापेक्षा लवकर चढतं. इंजेक्शनं पुरी होईपर्यंत आणि त्यापुढेही दोन-तीन महिने काही सांगता येत नाही." मर्जानाचा भाऊ सैदाल पेशावरलाच तंदूरवर रोट्या लावायचा. तो रोज गरम रोटी आणि डाळ घेऊन येई. लाजमीर बायकांच्या वॉर्डाबाहेर जिन्यावर बसून राही. खांदा रिकामा होता. पट्ट्याच्या जागी कातडी राठ झाली होती, ती तो चोळत बसे.

पहिले काही दिवस त्याला बहिणीशिवाय दुसरं काही दिसलं नाही. नवव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, सैदाल रोटीबरोबर गावाची खबरही घेऊन आला. बसचा ड्रायव्हर तंदूरवर चहाला थांबला होता.

"लाला, तोरसमच्या पोराचं, गुलरंगचं उद्या लग्न. नेमबाजीचं निशाण लावणार आहेत डोंगरावर. तुझी ती इंग्रजी बाहेर काढणार म्हणे. सैन्याची काडतुसं पेटीभर पैदा केलीत त्याने. पहिली गोळी नवरदेव झाडणार."

लाजमीरच्या हातातला घास तसाच राहिला.

"काय झालं? परकी झाली म्हणून वाईट वाटतंय?"

"हो," लाजमीर म्हणाला.

सैदाल गेल्यावर तो जिन्यावर गोठल्यासारखा बसला. गुलरंग वीस वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी, अबोला सुरू व्हायच्या आधी, याच पोराला लाजमीरने पोहायला शिकवलं होतं. त्याने मनाची समजूत घालून पाहिली. काही झेलेल, असं उस्ताद म्हणाला होता ना? पेटीतली सगळी थोडीच झाडणार आहेत? कदाचित काहीच होणार नाही. आणि सांगायचं तरी काय, आणि कसं? की मी तुला नकली माल देऊन जीप घेतली? दवाखान्याच्या दारात बहीण आहे, पदरात नोकरी नाही, आता इज्जतही राहणार नाही. ड्रायव्हरबरोबर निरोप धाडावा, तर असला निरोप ऐकून तोरसम हसेल आणि दोन गोळ्या जास्तच झाडेल.

दुपारी बख्तमीना इंजेक्शन घेऊन जिन्यापाशी आली. पोट हाताने दाबून त्याच्या शेजारी बसली. तिने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण मेलं?"

मग त्याने सगळं सांगितलं. नदी, खडक, दरा, उस्ताद, गज, लाथा. बारा वर्षं दाबून ठेवलेलं घटकाभरात सांगून झालं. ती मनगटावरच्या पट्टीकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे त्या दिवशी," ती म्हणाली, "अंगणात तू उभा होतास, आणि तुला माहीत होतं ती अडकणार."

"हो."

"गज पेटीत का होता?"

"कुणी बघितला असता तर..."

तिने उजव्या हाताने त्याच्या थोबाडीत दिली. जिन्यावरची माणसं वळून बघायला लागली. "हा हात गेला तर गेला," ती म्हणाली. "तो माझा होता. गुलरंगचं डोकं कुणाचं आहे? सुया मला टोचतायत, तू इथे काय अंडी उबवतोयस? ऊठ."

"तुझ्याजवळ कोण?"

"सैदाल आहे. नसता तरी ऊठ म्हणाले असते."

संध्याकाळच्या ट्रकने तो खालच्या बाजारात पोचला. शुक्रवारी पहाटे चालायला लागला. वर जाणारी गाडी मिळाली नाही, अठरा मैलांचा चढ. अर्ध्या वाटेवर चपलेचा पट्टा तुटला, तेव्हा चपला फेकून तो अनवाणी पळू लागला. दुपारची नमाज होऊन गेली होती. शेवटच्या वळणावर ढोल ऐकू आला, आणि ढोलावर एक बार. तो थांबून कान देऊ लागला. पण तो हलका आवाज होता, कुणाच्या तरी पिस्तुलाचा.

गावाबाहेरच्या मळ्यात शे-दीडशे माणूस जमलं होतं. समोरच्या उतारावर पांढरा दगड निशाण म्हणून ठेवला होता. गळ्यात हार घातलेला गुलरंग बंदूक खांद्याला लावत होता, आणि तोरसम मागे उभा राहून त्याचं कोपर नीट करत होता.

"थांब! गुलरंग, खाली ठेव!"

सगळे वळले. धुळीने माखलेला, पाय रक्ताळलेला लाजमीर गर्दी फोडून पुढे आला आणि त्याने नळीलाच हात घातला.

"बख्तमीना?" तोरसमने आधी तेच विचारलं.

"ती आहे. ही बंदूक झाडू नका. ही नीकाची नाही. नीकाची मी नदीत घालवली. ही दऱ्याची आहे. सैन्याची काडतुसं हिला सोसणार नाहीत, फुटेल."

हशा उसळला. "जीप फिरवून झाली, आता बंदूक परत हवी!" कुणीतरी ओरडलं. "लाजमीरा, दिलेली मुलगी आणि दिलेली बंदूक मागायची नसते!"

तोरसम हसला नाही. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. "माझ्या मुलाच्या लग्नात, शंभर माणसांत, नीकाच्या बंदुकीला दऱ्याचा माल म्हणतोस? आपल्याच आजोबाला?"

"बांधून झाडा. त्या तुतीला बांधा, दोरीने चाप ओढा. माझं खोटं ठरलं तर तुमच्या दारात मान देईन."

पायो काकांनी काठी आपटली. "बांधा. लग्नाच्या दिवशी मान-बिन नको, पण बांधा."

तुतीच्या बुंध्याला बंदूक आवळून बांधली. तोरसमने स्वतः काडतूस भरलं, दोरी लांब नेली, ओढली. बार झाला. डोंगरातून घुमून आवाज परत आला. बंदूक जशीच्या तशी.

लोकांनी टाळ्या पिटल्या. बोल्ट दगडाने ठोकून उघडावा लागला, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसरं काडतूस. पुन्हा बार. पुन्हा काही नाही.

"झालं तुझं?" तोरसम दोरी टाकून बंदूक सोडायला निघाला.

लाजमीर त्याच्या पायांवर पडला. पागोटं सुटून मातीत गेलं. "अजून एक, लाला. तुझ्या पाया पडतो. एकच."

तीन वर्षांत त्याने तोरसमला लाला, म्हणजे थोरला भाऊ, म्हटलं नव्हतं. तोरसमने खाली पाहिलं, पाय सोडवून घेतला, आणि काय वाटलं कोण जाणे, तिसरं काडतूस भरलं.

या वेळी आवाज वेगळा होता. फाटल्यासारखा. धूर विरला तेव्हा दस्त्याचं लाकूड उभं चिरलेलं होतं आणि बोल्ट जागेवर नव्हता. तो तुतीमागच्या, मळ्याच्या मातीच्या भिंतीत, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, बोटभर आत रुतला होता. तोरसम तिथे गेला. बोल्ट उपटला, तर गरम होता, हातातून पडला. मग त्याने त्या भोकात बोट घातलं आणि तसाच पाठमोरा उभा राहिला. गुलरंगने गळ्यातला हार काढून हातात घेतला होता. ढोलवाल्यांना काय करावं कळेना.

"वाजवा," तोरसम न वळता म्हणाला. "नवरी यायचीय. वाजवा!"

लाजमीरला कुणी हाकललं नाही, कुणी जेवायलाही बोलावलं नाही. तो पाटाच्या काठावर पाय पाण्यात सोडून बसला होता तेव्हा तोरसम मांसभाताचं ताट घेऊन आला, त्याच्यापुढे ठेवलं आणि दोन हात अंतर सोडून बसला.

"त्या दिवशी तू मला फसवलंस."

"फसवलं."

"मी पोतं खाली ठेवलं होतं. तोंड उघडलं होतं. तू बोलूच दिलं नाहीस."

"काय म्हणणार होतास?"

तोरसमने पाण्यात एक खडा टाकला. "तेच नऊ दिवस आठवतोय. चल म्हणणार होतो, असं वाटतं. पण बंदूक पाहिल्यावर घेतली ना मी? चावलेली बहीण पाटापलीकडे असताना घेतली. जेव. सकाळी पेशावरला सोडतो."

नोकरी गेलीच. बंदूक नसलेला खासादार सरकारला नको होता, आणि खरी गोष्ट सगळ्या खोऱ्यात पसरली होती. चौकीवरची पोरं त्याला 'दरावाला' म्हणू लागली. जीव वाचवायला बंदूक सोडली असं कुणी तोंडावर बोललं की तो मान खाली घाली. त्याने मर्जानाला पेशावरला आणलं आणि सैदालच्या तंदूरवर पिठाची पोती वाहायला लागला.

चौदा सुया झाल्या, पण भीती संपली नाही. बख्तमीना तापली तर तो रात्रभर तिच्या उशाशी बसे. तिने पाण्याचा कटोरा उचलला की तो हातातलं काम टाकून बघत राही, घोट खाली उतरतो की नाही. एक दिवस तिने अर्धा कटोरा पिऊन खाली ठेवला. त्याने विचारलं, "का? का नाही प्यायलीस?"

"पोट भरलं."

"पी ना अजून. थोडं पी."

"लाजमीरा, तू पाजून पाजूनच मारशील मला." तरी तिने तो त्याच्यासमोर संपवला.

उन्हाळा गेला. तीन महिने उलटले, मग चार. तिच्या डाव्या हाताची तीन बोटं वाकत नव्हती ती नव्हतीच, पण बाकी ती धडधाकट होती. डॉक्टरने तपासून सांगितलं, "आता येऊ नका." लाजमीरने बाहेर येऊन जिन्यावर बसकण मारली आणि इतका रडला की चौकीदार पाणी घेऊन आला. बख्तमीना शेजारी उभी राहून वाट बघत होती.

"ऊठ आता," ती म्हणाली. "पीठ उतरवायचं राहिलंय, सैदाल ओरडेल."